पोटाला दार असलेला म्हातारा

१४ ऑक्टोबर

ही वही मला खाडीत सापडली. वॉशिंग्टन म्हणून एक होडीवाला आहे, त्याच्या होडीत, जाळीने उपसलेल्या कचऱ्यात, दोन बाटल्यांच्या मध्ये चेपून बसली होती. दोन दिवस दोरीवर वाळवली तेव्हा तिची पानं पापडासारखी झाली. पहिल्या आठ पानांवर कुणीतरी बेडकाच्या आतली चित्रं काढली आहेत, हृदय, जठर, सगळं नावानिशी. नवव्या पानावर वर 'पूर्ण बेडूक' एवढं लिहिलंय आणि खाली काहीच नाही. शाळा तिथेच सुटली असणार. माझीही साधारण तिथेच सुटली, म्हणून पुढची पानं माझी.

मी नेरेइदा. तेवीस वर्षांची. पुएर्तो मांग्ले या बंदरात येऊन अकरा दिवस झाले. याआधी कोळंबी सोलायच्या कारखान्यात होते, त्याआधी बसमध्ये केळ्याचे वेफर विकले, त्याआधी एका सर्कशीबरोबर दोन महिने हिंडले. सर्कशीत माझं काम उंटाला सावलीत ठेवणं. (मी निघाले तेव्हा उंट धडधाकट होता.) इथे फक्त बस बदलायची होती. पण स्टँडवरून खाडी दिसते. भरती लागत होती, आणि पाण्यावरून शेकडो स्लिपर शहरात येत होत्या, हळूहळू, एकेकट्या, कुणाचीच जोडी नाही. जणू ज्यांच्या त्या होत्या ती माणसं पाण्याखालून चालत येताहेत. बघत राहिले आणि बस गेली.

वॉशिंग्टनने होडीतून हाक मारली, "काय गं बयो, मोजतेस काय? ये, जाळी धर."

जाळी धरली. त्याला म्हटलं, गळ जरा जपून फेक, आमच्या घरात एकाची डावी भुवई अशीच दोन तुकड्यांत गेलीय. तो म्हणाला, माझ्या भुवया बायकोने आधीच उपटल्यात.

१८ ऑक्टोबर

कचऱ्याचं पुढे काय होतं ते आज कळलं. नगरपालिकेने ठरवलंय की खाडीतून जे निघेल त्याचाच एक पुतळा खाडीकाठी बसवायचा. बसलेला म्हातारा खेकडेवाला, दोन पुरुष उंच. त्याच्याकडे बघून लोकांना पाण्यात काही टाकायची लाज वाटावी, असा विचार. काम मिळालंय उस्ताद होल्गेर यांना. ते आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. (आमची गल्ली म्हटलं खरं, मी जाणारच आहे.)

उस्ताद एकेचाळीस वर्षं एकच वस्तू करतात, एकतीस डिसेंबरला जुनं वर्ष म्हणून जाळायचे म्हातारे. बांबूच्या कामट्या, कागदाचा लगदा, खळ, वर रंग, पोटात भुसा आणि फटाके. आमच्या गावातही घरोघरी करतात, पण ते म्हणजे जुन्या विजारीत पेंढा कोंबलेला. उस्तादांच्या म्हाताऱ्यांना नखं असतात, कानात केस असतात. दरसाल वीस-पंचवीस. सगळ्यांची राख.

"एक तरी उरलाय का कुठे?" मी विचारलं.

"एकदा उरला होता. पाऊस आला, पेटलाच नाही. दुसऱ्या दिवशी लोक दारात शिव्या द्यायला. तुझ्यामुळे आमचं जुनं वर्ष संपलंच नाही म्हणाले. त्या वर्षी ज्याचं जे वाईट झालं ते माझ्या नावावर. एकाची गाय मेली तीसुद्धा."

मग त्यांनी नगरपालिकेचा शिक्का असलेला कागद मला दाखवला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलाय, देवाच्या तसबिरीशेजारी. "हा राहील. मी गेल्यावर येणारा-जाणारा म्हणेल, हा होल्गेरने केला. आयुष्यात एवढी एकच गोष्ट उरू दे, पोरी. बाकी सगळा धूर."

आतून त्यांच्या बायकोचा, दिग्नाचा (सगळे मानाने दोन्या दिग्ना म्हणतात) आवाज आला. "जे जळत नाही ते कुजतं."

"ऐकलंस? लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, हेच चाललंय."

मला रद्दीच्या खोलीत झोपायला जागा दिली. शनिवारपर्यंत.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. दोन्या दिग्नाने मोठ्या पातेल्यात जांभळी पेज केली, पावाच्या बाहुल्या आणल्या, आणि आम्ही सगळे तिच्या आईच्या थडग्यावर जाऊन जेवलो. गर्दी इतकी की शेजारच्या थडग्यावरचं कुटुंब आमच्या चटईवर सरकलं. तिने माझा पेला भरला. "तुझ्या माणसांसाठी पी."

"माझं कुणी मेलेलं नाही, दोन्या दिग्ना."

"मग आहेत कुठे?"

"वर, किनाऱ्याला. बाप आहे. खेकडे धरतो."

"भेटून किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

 पेला अर्धा रिकामा झाला होता तो तिने परत भरला.

भांडण असं नव्हतंच. मी जाळं विणत होते, मध्येच उठले, एक मोठा ढग बघायला. बाप म्हणाला, तुझ्या हातून एक गोष्ट पुरी होत नाही. मी म्हटलं, बघच. आणि रस्त्याला लागले. चार किलोमीटरवर लक्षात आलं की विणायची सुई हातातच आहे. परत जाऊन देणं बरं दिसलं नसतं. तेव्हापासून ती पिशवीत पडून आहे, बांबूची, माझ्या वितीएवढी. एवढंच झालं. कुणाच्याही घरात होतं.

बाहुलीच्या पायाचा तुकडा खाली पडला होता. मुंग्या तो उचलून थडग्याच्या फटीत नेत होत्या. शेवटपर्यंत बघितलं. मेलेल्यांपर्यंत पोचला असेल का ते सांगता येणार नाही.

१० नोव्हेंबर

पुतळ्याचा सांगाडा उभा राहिला. लोखंडी गज वॉशिंग्टनने जोडले. शरीर म्हणजे जुन्या कोळ्याच्या जाळ्यांत भरलेल्या बाटल्या, त्यावर ताडपत्रीच्या चिंध्यांचं कातडं. दुपारी वारा सुटला की बाटल्यांच्या तोंडातून सूर निघतो, प्रत्येकीचा वेगळा. उस्ताद म्हणतात म्हातारा श्वास घेतोय. दुपारची झोप मी त्याच्या मांडीखाली काढते. आज स्वप्नात खाडी उभी झाली, भिंतीसारखी, आणि तिच्यात सगळ्या हरवलेल्या वस्तू आपापल्या जागी तरंगत होत्या, बादल्या, बाहुल्या, फणी. कुणीतरी पलीकडून हात घालून एकेक काढून घेत होतं. हात ओळखीचा वाटला. जाग आली तर पायावर खेकडा.

१६ नोव्हेंबर

उस्तादांचा हात हल्ली थरथरतो. बारा तारखेला ते म्हणाले, "चेहरा तू कर."

"मी? मी आजवर काहीच धड—"

"माझ्या हातून चेहरा झाला की तो हसतो. जाळायच्या म्हाताऱ्यांना हसतं ठेवायची सवय लागलीय. हा बसून राहणार आहे. इतकी वर्षं हसत कोण बसेल?"

स्लिपरांचे तळवे घेतले, तपकिरी तेवढे वेचून. टाचेपाशी झिजलेले मऊ असतात, गालाला तेच लावले. नायलॉनच्या दोरीने शिवायचे तर सुई हवी, आणि माझ्याकडे ती होतीच. चार दिवस झाले, दाराएवढा मोठा चेहरा जमिनीवर पसरलाय आणि मी त्याच्यात बसून शिवते. एकदा डोळ्याच्या खळग्यात झोपही लागली. डोळे बिअरच्या बाटल्यांच्या बुडाचे. भुवया टायरच्या. डावी पट्टी पुरेशी होती, तरी मध्ये तोडली, तशी बरी दिसली. एक कान दुमडला, झोपून दुमडल्यासारखा. उजवा. की डावा असावा? उजवाच ठेवला.

दोन्या दिग्ना कपडे वाळत घालायला आली ती ओली चादर खांद्यावर घेऊन उभीच राहिली.

"कोण आहे हा?"

"कुणीच नाही."

"कुणीच नाहीच्या कपाळावर इतक्या आठ्या?"

"कचरा आहे तो, दोन्या दिग्ना. स्लिपरांच्या रेघा आहेत त्या."

"हं," ती म्हणाली. संध्याकाळी माझ्या ताटात मासा दुप्पट होता. का ते कळलं नाही, मी विचारलंही नाही.

२३ नोव्हेंबर

तीन दिवस इथे नव्हते. रस्त्याने एक बँड चालला होता, त्यात एक बाई एवढा मोठा कर्णा वाजवत होती, तिच्या मागे गेले. पुढच्या गावात लग्न होतं. मग त्याच्या पुढच्या गावात बारसं. परत येताना वाटलं, पिशवी रस्त्यावर ठेवलेली असणार. रद्दीच्या खोलीत गेले तर खाट. आधी खाट नव्हती. उशीजवळ झाकून ठेवलेलं ताट, ताजं. म्हणजे तीन दिवस रोज कुणी बदलत होतं का? छे, योगायोग.

उस्ताद म्हाताऱ्याच्या पाठीमागे बसून कातडं कापत होते. चौकोन कापला, बिजागरी लावली, दार उघडझाप करून बघितलं. आत दोन-तीन हात खोल पोकळी.

"हे कशाला, उस्ताद?"

"कशाला म्हणजे? फटाके कुठून—" आणि ते तसेच थांबले, हातात कातर. मग कपाळाला हात लावून खाली बसले. एकेचाळीस वर्षांचे हात, त्यांनी विचारलंच नाही, सवयीने पोट पोकळ ठेवलं आणि पाठीला दार केलं. आम्ही दोघं इतके हसलो की बाटल्याही वाजल्या.

दोन्या दिग्ना खिडकीतून म्हणाली, "शवपेटी करायला दिली तरी हा तिला वात लावेल."

उस्ताद म्हणाले उद्या बुजवतो. पण दुपारीच नगरपालिकेचे आर्किटेक्ट विवांको पाहणीला आले. पांढरे बूट, राजधानीत शिकलेले. त्यांनी भोवती फेरी मारली, दार उघडलं, आत डोकावले. "देखभालीसाठी दार? फार छान. असा विचार कुणी करत नाही." आणि कागदावर लिहूनही घेतलं. आता बुजवणार कसं?

६ डिसेंबर

बसवला. दोन तराफे एकमेकांना बांधून भरतीवर तरंगत नेला, पाण्यातून येताना तो खरंच खाडीतून घरी परतल्यासारखा दिसत होता.  काठावरच्या एका आजींनी छातीवर क्रॉसची खूण केली. आता तो खारफुटीकडे तोंड करून बसलाय, गुडघ्यावर हात, टोपलीत टिनाचे खेकडे. पायथ्याशी पाटी : 'खाडीचा आजोबा. कचऱ्यापासून. उस्ताद होल्गेर'. माझंही नाव घालू म्हणत होते, मी म्हटलं नको, मी असणार नाही.

उस्ताद पाटीवरून बोट फिरवत किती वेळ उभे होते. डोळ्यांनी वाचता येईनासं झाल्यासारखे.

१५ डिसेंबर

लोक त्याच्या पोटात वस्तू टाकायला लागलेत.

पहिल्यांदा बघितलं ती कोपऱ्यावरची चांभारीण. दार उघडलं, रुमालात बांधलेलं काहीतरी आत ठेवलं, दार लावलं, नाक पुसलं, गेली. मग एक माणूस कुबडी ठेवून गेला, दुसरी कुबडी टेकत. पत्रं. नापास झालेल्या गुणपत्रिका. एकाच पायाचा लहान मोजा. वर्षभराचं जे नकोसं ते म्हाताऱ्याच्या पोटात घालतातच सगळे, जळून जावं म्हणून. डिसेंबर आहे, म्हातारा आहे, पाठीला दार आहे. त्यांचं काय चुकलं?

रोज दुपारी जाऊन बघते. आत हात घालत नाही. मला टाकण्यासारखं काही नाही.

२२ डिसेंबर

वॉशिंग्टन आला तो वही-पेन्सिल घेऊनच. दरवर्षी जुन्या वर्षाची विधवा तोच होतो, काळे मोजे, ओठाला रंग, छातीत दोन पपया, आणि जाळायच्या आधी नवऱ्याचं मृत्युपत्र वाचून दाखवतो. "काय रे उस्ताद, यंदाचा नवरा दणदणीत दिलास मला. पेट्रोल किती लागेल?"

उस्तादांच्या हातातला ब्रश थांबला. "कशाला?"

"कशाला म्हणजे? नुसती फुंकर मारून पेटेल का हा?"

"हा जाळायचा नाही, वॉशिंग्टन. हा राहणार आहे."

"राहणार? पोट भरून? माझ्या आईचा एक्स-रे आहे त्याच्यात." तो हसला नाही. "म्हातारी घरी येऊन म्हणाली, झालं, आता हे दुखणं एकतीसला जळणार. तिला काय सांगू, नगरपालिकेने सांभाळून ठेवलंय?"

 तो गेल्यावर उस्ताद एवढंच म्हणाले, "बिजागरी मीच लावली ना."

२७ डिसेंबर

आर्किटेक्ट विवांको येऊन गेले. कुणीतरी कानावर घातलंय. पांढऱ्या बुटांना चिखल लागला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं, म्हणजे घाबरलेच असणार. "हे प्लास्टिक आहे, उस्ताद. पेटलं तर अख्ख्या वस्तीच्या छातीत विष जाईल. तीस तारखेला संध्याकाळपर्यंत मला खात्री पटली नाही तर ट्रक पाठवतो. गोदामात ठेवू."

"गोदामातून परत कधी आणाल, साहेब?"

ते घड्याळाकडे बघायला लागले.

म्हणजे एकतर लोक जाळणार, नाहीतर साहेब उचलून नेणार. उस्ताद जेवले नाहीत. दोन्या दिग्नानेही 'कुजतं' वगैरे काही म्हटलं नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मी पिशवी भरली. अशा वेळी निघालेलं बरं, उगाच कुणाला अडचण नको. मग म्हाताऱ्याचा निरोप घ्यायला गेले आणि परत पिशवी उपसली. का ते लिहायला बसले तर सुचत नाहीये. एक बगळा त्याच्या डोक्यावर बसला होता, तो उडेपर्यंत थांबले, मग उशीर झाला.

२८ डिसेंबर

सकाळी वॉशिंग्टन आणि सातआठ जण काठावर दिसले, कॅन घेऊन. आजच जाळणार नव्हते, फक्त जागा बघत होते, वारा कुठून येतो वगैरे. मला ते माहीत नव्हतं. मी धावत गेले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला हो बयो, तुला काय एवढं? तुझा कोण लागतो तो?"

"कुणी नाही. पण त्याला हात लावायचा नाही."

"चार दिवसांची पाहुणी आणि दादागिरी बघा."

"जाळा हवं तर. आधी माझ्या अंगावर ओता." हे मी म्हटलं. मी. आवाज माझाच होता, पण खूप लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. 

तेवढ्यात एक्स-रेवाली म्हातारी, वॉशिंग्टनची आई, खुर्चीसकट तिथे आणली गेली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, तुझा हा राहू दे. पण मग आमचं कुठे जाळायचं ते सांग."

 गर्दीच्या मागून उस्तादांचं उत्तर आलं. "कागदाचा करू. याच्यासारखाच, दुसरा. याच्या पोटातलं त्याच्या पोटात. तीन दिवस आहेत. रद्दी आणि खळ कोण देतंय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग चांभारीण म्हणाली, "खळ माझ्याकडे पिंपभर आहे."

"काठावर पेटवायचा नाही पण," मी म्हटलं. "ठिणगी उडाली तर हाही जाईल."

"मग पाण्यात. तराफ्यावर." वॉशिंग्टन खाडीकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होता. "अडचण एकच. एकतीसला भरती संध्याकाळी सहाला. रात्री बाराला इथे नुसता चिखल."

३० डिसेंबर

अख्खी वस्ती उस्तादांच्या अंगणात. खळीचा वास, कोपरापर्यंत कागद. जुन्या बातम्या लगद्यात विरघळताना बघत बसले की कामच होत नाही, एका गावातला पूर दुसऱ्या गावातल्या सौंदर्यस्पर्धेला चिकटतो.

दुपारी पोट रिकामं केलं. रांग लावली, वस्तू हातोहात कागदाच्या म्हाताऱ्याकडे. नियम एकच, बघायचं नाही. सगळ्यांनी वर आकाशाकडे तोंड केलं होतं आणि हात खाली चालत होते. माझ्या हातातून काहीतरी गेलं, खूप हलकं, उबदार. विवांको साहेब खात्री करायला आले, तेही रांगेत सापडले, वर बघत. त्यांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढला आणि पुढे दिला, कुणी बघत नाहीये असं समजून. ट्रक आला नाही.

चेहरा राहिला. उस्ताद म्हणाले, तूच कर, तोच हवा. तीन वेळा केला. भुवई तोडली की मला पुढे करवेना, तिन्ही वेळा ओला असतानाच चुरगळला. खळ पातळ होती असं सांगितलं.

उस्तादांनी आरसा मागवला. थरथरत्या हातांनीच एका तासात स्वतःचा चेहरा केला, पडलेल्या दातासकट, हसरा. "इतकी वर्षं दुसऱ्यांना जाळलं. आता माझी पाळी."

दोन्या दिग्नाने त्या कागदी गालाला तीट लावली.

३१ डिसेंबर

आठ वाजलेत. आमचं वर्ष संपून दोन तास झाले.

सहाला भरती काठोकाठ होती. कागदाच्या म्हाताऱ्यासकट तराफा खाडीच्या मध्ये सोडला. वॉशिंग्टन काळ्या झग्यात होडीत उभा राहून रडत होता, एक पपई निसटून पाण्यात पडली तरी रडायचा थांबला नाही. मग मृत्युपत्र वाचलं.

"माझ्या विधवेला मी वस्तरा ठेवतो, तिने नवीन नवरा बघण्याआधी दाढी करावी. आर्किटेक्ट विवांकोंना देखभालीचं दार ठेवतो, ते कशाचं होतं हे त्यांनी म्हातारपणी नातवांना सांगावं. दोन्या दिग्नाला जे जळत नाही ते ठेवतो. तिने ते कुजू देऊ नये." इथपर्यंत अक्षर वॉशिंग्टनचं होतं. मग त्याने कागद उलटा केला, डोळ्यांजवळ नेला, तिथे उस्तादांचं असावं. "आणि नेरेइदाला तुटकी भुवई. ती तिने मला फुकट दिली, मी तिला परत करतो. ज्याची आहे त्याला पोचवावी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काही कळलं नाही. तेवढ्यात ढोल वाजले आणि उस्तादांनी होडीतून वाकून पेटवलं.

हसत हसत जळले कागदाचे उस्ताद. पोटातले फटाके उडाले, पत्रांचे तुकडे लाल होऊन वर गेले, विझून काळे खाली आले, काही आमच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर. बिअरच्या बाटल्यांच्या डोळ्यांत दोन ज्वाळा हलत होत्या, मग लहान झाल्या, मग नुसतं पाणी. वॉशिंग्टनची आई म्हणाली, "संपलं बाई." आणि खुर्चीतच झोपली.

सहापासून बारापर्यंतचे सहा तास कुणाचेच नाहीत. जुनं वर्ष जळालं, नवं आलेलं नाही. इतर वस्त्यांत अजून जुनंच चाललंय. आमच्याकडे लोक दारात खुर्च्या टाकून बसलेत, हळू बोलताहेत, जणू मोठ्याने बोललं तर हे तासही कुणीतरी मोजेल. उस्ताद पुतळ्याच्या पायाशी, पाटीला टेकून बसलेत. मी म्हटलं, दार आता बुजवूया का? ते म्हणाले, "राहू दे. पुढच्या डिसेंबरात लागेल. आणि अजून एक पाटी कर, तुझ्या नावाची."

या तासांत करण्यासारखं काही नव्हतं म्हणून नवव्या पानावर बेडूक काढला. पूर्ण.

२ जानेवारी

सकाळी जाऊन दार उघडलं. आत एक गोष्ट आधीच येऊन पडली होती, कागदात गुंडाळलेली. लावून घेतलं.

दहाच्या बसने वर किनाऱ्याला जातेय. खास काही कारण नाही. पंधरा तारखेला म्हाताऱ्याला रंगाचा दुसरा हात द्यायचाय, उस्तादांना सांगितलंय त्याआधी येते. खाटेवर चादर तशीच ठेवलीय. दोन्या दिग्नाने भाजलेल्या केळ्याचे गोळे केळीच्या पानात बांधून दिले. दोन. म्हटलं, मला एक पुरतो. म्हणाली, एक तुझा आहे.

सुई तेवढी परत द्यायची आहे, तीन वर्षं झाली. आणि तो कान उजवा की डावा, ते एकदा समोरून बघून यायचंय. चुकला असेल तर सोडवून परत शिवता येईल.